पुढे न जाणारा कामील

माझा मेहुणा कामील हासार्ट दोनदा बेल्जियमचा विजेता झाला, आणि दोन्ही वेळा शर्यतीचा बराचसा भाग तो दुसऱ्याच्या मागे होता. याचं हसू येत असेल तर तुम्ही ट्रॅकवरची कमी पल्ल्याची सायकल शर्यत पाहिलेली नाही. तिथे दोनच गडी असतात. सुरुवातीच्या फेऱ्या बघाल तर वाटेल, दोन शेजारी रविवारची प्रार्थना उरकून गप्पा मारत घरी निघालेत. घाई कोणालाच नसते, कारण पुढच्याला मागचं काही दिसत नाही आणि मागच्याला सगळं दिसतं. शिवाय मागचा पुढच्याच्या आडोशाला राहून वारा चुकवतो आणि शेवटच्या वळणावर एकदम बाहेर पडून त्याला गाठतो. म्हणून दोघंही मागे राहायला धडपडतात. कधीकधी तर ट्रॅकच्या चढावर सायकली तिरक्या करून जागच्या जागी उभ्या ठेवतात आणि एकमेकांकडे बघत बसतात. लोक शिट्ट्या मारतात, शिव्या घालतात, पण दोघांतला एकही हलत नाही. जो आधी हलतो तो बहुतेक हरतोच.

कामीलला हे कोणाला शिकवावं लागलं नाही. तो आईच्या पोटातूनच संशय घेऊन आला होता. माझी बायको झुल्मा ही त्याची थोरली बहीण. ती सांगते, लहानपणी त्याला साखरेची गोळी दिली तर आधी ती बहिणीलाच चाटायला लावायचा आणि मग तोंडात टाकायचा. शाळेत जाताना सगळी पोरं पुढे आणि हा पन्नास पावलं मागे. आज तो आमच्याच गल्लीत डुकराच्या मांसाचं दुकान चालवतो आणि सॉसेज कापतानासुद्धा गिऱ्हाइकाकडे पाठ करत नाही. नवीन गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस फार अदबीचा आहे.

सायकल त्याच्या हातात आली तीही मांसाच्या दुकानामुळेच. दुसऱ्याच्या दुकानाचा माल पोचवायचं काम करायचा. आमच्या घेंटमध्ये जत्रेच्या दिवशी पुलापर्यंत शर्यती लागत, त्यात हा पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहायचा आणि पुलाच्या तोंडाशी त्याला मागे टाकायचा. लोक चिडायचे. "अरे, तू शर्यत लावतोस की पाळत ठेवतोस?" असं कोणीतरी विचारलं होतं. पण ट्रॅकवाल्यांनी त्याला बरोबर हेरलं आणि पाचेक वर्षांत तो वर्तमानपत्रात छापून यायला लागला.

मी न्हावी. रेमी बातेन्स. गिरणकामगारांच्या गल्लीत, सिदोनीच्या कॅफेच्या बरोबर समोर माझं दुकान. कामीलची दाढी मी करायचो. तो नेहमी आरशासमोरच्या खुर्चीतच बसायचा, म्हणजे पाठीमागचं दार आरशात दिसतं. बाकी कोणाच्या हातातलं पाणीही न पिणारा माणूस आपला गळा माझ्या वस्तऱ्याखाली निवांत सोडायचा, याचा मला अभिमान होता. तो मी कधी बोलून दाखवला नाही, पण होता.

या भरवशापोटीच त्याने मला ट्रॅकवर नेलं. शर्यत सुटायच्या आधी गडी सायकलवर बसलेला असतो, दोन्ही पाय पायडलच्या वाद्यांत, म्हणजे पट्ट्यांत, अडकवलेले. मग त्याला सरळ उभं धरायला मागे एक माणूस लागतो. तो खोगीर धरतो, पायांच्या चामड्याच्या वाद्या खाली वाकून आवळतो आणि पिस्तूल वाजलं की सोडून देतो. कामीलच्या मागे उभं राहायची परवानगी अख्ख्या जगात मला एकट्याला होती. त्याच्या वाद्या मीच आवळायचो, कारण वादी नीट आवळायची तर पाय पार खाली दाबलेला हवा आणि ओढणारा हात खालून हवा. वरून वाकलेल्या माणसाला तेवढा जोर लागत नाही.

आणि त्याचा संशय म्हणजे निव्वळ वेडेपणा होता असंही म्हणू नका. त्या काळात ट्रॅकवर काय वाटेल ते चालायचं. एका गड्याच्या बाटलीत कोणीतरी काहीतरी घातलं आणि तो बिचारा वळणावरच ओकत बसला. दुसऱ्याच्या टायरमध्ये बारीक खिळे सापडले. म्हणून कामील आपली बाटली मेण लावून बंद करायचा, जेवण फक्त झुल्माच्या हातचं जेवायचा, आणि चाकं पलंगाच्या वर खुंटीला टांगून झोपायचा. झुल्मा म्हणायची, "याच्या लग्नात नवरीला चाकांच्या खाली झोपावं लागेल." अजून तरी तशी कोणी भेटलेली नाही.

दोनदा जिंकून झालं होतं. तिसऱ्यांदा जिंकला असता तर चषक कायमचा घरी आला असता, आणि अंतिम शर्यत आमच्याच घेंटच्या ट्रॅकवर, जूनमध्ये. समोर अँटवर्पचा पेल्कमान्स. गल्लीतल्या लोकांनी चषक ठेवायला सिदोनीच्या कॅफेत फळीसुद्धा मारून ठेवली होती.

त्याच वसंतात माझे सासरे, म्हणजे कामील आणि झुल्माचे वडील, मला आपल्या कबुतरांच्या ढाबळीत घेऊन गेले. म्हातारा फिदील गिरणीत उभा जन्म विणत होता, पण जगत होता रविवारच्या कबुतरांच्या शर्यतींसाठी. त्यांनी आधी शिडीखाली कोणी नाही ना ते पाहिलं. संशय त्या घराण्यातच आहे, हे मला लग्नाआधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

"रेमी, तुला अँटवर्पला जायचंय. एक कोवळी मादी आणायचीय, अजून ढाबळीबाहेर न उडालेली."

"कोणाकडून?"

"पेल्कमान्सच्या काकाकडून."

"मामा, पेल्कमान्स म्हणजे आपल्या कामीलचा..."

"असेल पुतण्या सायकलवाला. मला काय त्याचं? त्या काकाच्या ढाबळीतलं रक्त दुसरीकडे कुठे मिळत नाही. आणि हे बघ, जुलैत फ्रान्समधल्या बूर्झहून उड्डाण आहे. ते होईपर्यंत कोणाला कळता कामा नये. झुल्माला नाही, कामीलला तर नाहीच नाही."

"त्याला का नाही?"

"तो एकदा ढाबळीकडे टक लावून बघायला लागला की अख्खी गल्ली मान वर करून बघायला लागेल. शब्द दे."

मी शब्द दिला. आमच्याकडचा माणूस बायकोचं वय सांगेल, स्वतःची कर्जं सांगेल, पण ढाबळीतल्या पक्ष्याचं कूळ मोठ्या उड्डाणाआधी सांगणार नाही. नाहीतर क्लबातले लोक आधीच सावध होतात, कोणी तक्रार गुदरतो, कोणी मादीच पळवतो. शब्द दिला की दिला. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुकान बंद ठेवून मी अँटवर्पला गेलो. काका पायाने अधू. त्यांनी मादी पुतण्याच्या हाती स्टेशनजवळच्या कॅफेत पाठवली. लाकडी पेटी, वरून मेणकापड गुंडाळलेलं, भोकं खालच्या अंगाला. अंधारात पक्षी गप्प बसून होता. पेल्कमान्स उंच, हसरा, केसांना तेल चोपडलेला. त्याने पेटी माझ्या हातात दिली आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "मेहुण्याला सांगा, या खेपेला मागे मी राहणार."

आणि अँटवर्पमधल्या एवढ्या माणसांत त्याच कॅफेच्या खिडकीबाहेरून सिदोनी चालली होती. तिची बहीण तिथेच राहते. तिने थाप पाहिली, पेटी पाहिली. मी तिला पाहिलं नाही.

दोन दिवसांनी कामील दाढीला आला. मी एक गाल उरकून दुसऱ्याकडे वळणार, तेवढ्यात तो आरशातून बोलायला लागला.

"दाजी, गुरुवारी दुकान बंद होतं."

"होतं."

"अँटवर्पला गेला होतात."

"गेलो होतो."

"पेल्कमान्सने पेटी दिली तुम्हाला."

आता माझ्या ध्यानात आलं, समोरच्या कॅफेच्या खिडकीत सिदोनी एकच पेला इतका वेळ का पुसतेय ते. "दिली," मी म्हणालो.

"आत काय होतं?"

"जुलै उलटला की सांगतो. शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तेही तेव्हाच."

तो आरशातून माझ्या हाताकडे बघत राहिला. वस्तरा त्याच्या गळ्याशी होता. मग त्याने माझं मनगट अलगद बाजूला केलं, टॉवेलने फेस पुसला आणि उठला. डावा गाल तसाच राहिला. मी म्हणालो, "अरे, अर्धी दाढी घेऊन कुठे चाललास?" तो मागच्या पावलांनी दारापर्यंत गेला, माझ्याकडे बघत. आठवडाभर तो तसाच फिरत होता, एक गाल गुळगुळीत आणि एक खरखरीत.

मला राग आला, खोटं का बोलू. मी तडक सासऱ्यांकडे गेलो. "मामा, त्याला सांगा. पोराच्या डोक्यात किडा शिरलाय."

ते ढाबळीत दाणे टाकत होते. "मादी अंड्यावर बसलीय," म्हणाले, "आता आवाज नको. आणि शर्यत पायांनी जिंकतात, रेमी. पेटीत काय होतं याने नाही."

शर्यतीच्या दिवशी वाटलं होतं, कामील दुसरा माणूस आणेल. पण तो आला आणि म्हणाला, "तुम्हीच धरा. बाकीच्यांवर तर याहूनही कमी भरवसा आहे." स्टँड खचाखच भरला होता. आमची अख्खी गल्ली वळणाजवळ बसली होती, सिदोनी मधोमध, आणि म्हातारा फिदील मान वर करून आभाळ बघत. कबुतरवाला कुठेही बसवला तरी आभाळच बघतो.

कामील सायकलवर चढला. मी खोगीर धरलं आणि नेहमीसारखा वाद्यांकडे वाकलो.

"हात लावू नका."

"काय?"

"वाद्या मी बांधतो."

तो वरूनच वाकला. डावी बांधली, मग उजवी. मी एका हाताने खोगीर, दुसऱ्याने त्याची कंबर धरून उभा. उजवी नीट ओढली गेली नव्हती, ते मला दिसत होतं. अशा किती शर्यतींच्या आधी मी ती ओढली होती.

"उजवी ढिली राहिलीय, कामील. अजून एक घर ओढ."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. "तुम्ही ओढ म्हणताय म्हणजे ती जास्तच आवळली गेली असणार," तो म्हणाला आणि हँडलवर सरळ झाला. लोकांना वरून एवढंच दिसलं की न्हावी वाकला, गडी वाकला, दोघं काहीतरी बोलले. वादी कोणाच्या हातची, ते तेवढ्या लांबून कोणाला दिसणार.

पिस्तूल वाजलं. चिठ्ठीत पुढे जाणं कामीलच्या वाट्याला आलं होतं. त्याने थोडं जाऊन चढावर सायकल उभी केली ती केलीच. पेल्कमान्सही थांबला. लोक ओरडून ओरडून थकले. पेल्कमान्सचं पुढचं चाक थरथरायला लागलं, आणि शेवटी त्यालाच पुढे जावं लागलं. काय डौलदार उभा होता कामील. त्याच्यावर इतका चिडलेला असूनही माझ्या तोंडून वाहवा निघाली.

मग तो त्याच्या मागे, सावलीत, त्याला हवं तिथेच. शेवटच्या वळणावर तो सुटला. बरोबरीला आला, अर्ध्या चाकाने पुढे गेला, आणि उजवा पाय वादीतून निसटला. पाय हवेत फिरतोय, पायडल नडगीला मारतोय, आणि कामील एका पायाने दामटतोय. पेल्कमान्स हात वर करून रेषेपार गेला.

त्याच्या पायाला काही झालं नव्हतं, फक्त नडगी सोलवटली होती. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. त्याने घेतली नाही. तेवढ्यात स्टँडमधून पहिला आवाज आला, "न्हाव्याने विकलं." मग दुसरा, तिसरा. वर्तमानपत्राच्या माणसाने विचारलं, "वादी कोणी बांधली होती?" कामीलने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि सायकल ढकलत निघून गेला. मी सांगून कोण ऐकणार? तो एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. तो गप्प राहिला आणि मी गुन्हेगार ठरलो.

आपल्याच मेहुण्याला विकणाऱ्या न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली गळा कोण देणार? सोमवारी दोन गिऱ्हाइकं आली, मंगळवारी एकही नाही. शेजारचा पाववाला, ज्याच्या केसांना जन्मापासून माझ्याशिवाय कोणी हात लावला नव्हता, तो तीन गल्ल्या ओलांडून दुसरीकडे केस कापून आला. एका बाजूला तिरके कापले होते, ते पाहून मला फार बरं वाटलं. सिदोनी कॅफेच्या दारात उभी राहून मला ऐकू जाईल असं बोलायची, "रेमीकडे दाढी? घरी मृत्युपत्र लिहून ठेवलंय ना?"

घरीही तेच. झुल्मा रस्सा वाढताना विचारायची, "पेटीत काय होतं?"

"जुलै उलटू दे."

"बाईमाणसाचं काही होतं का?"

"अगं, पेल्कमान्सने दिली ती."

"त्याला बहीण नसेल कशावरून?"

मीही तसाच झालो. दुकानात एकटा बसून मी सगळ्यांवर संशय घ्यायचो. सिदोनीची बहीण अँटवर्पला खरंच राहते का? म्हातारा मुद्दामच मला अडकवत नाही ना? आरशात समोरची खिडकी दिसायची आणि मी तिच्यावर पाळत ठेवायचो. कामील दिवसभर कशातून जातो ते मला तेव्हा कळलं, आणि तरीही त्याची दया आली नाही.

जुलैत बूर्झचं उड्डाण झालं. मादी पहिली आली. म्हाताऱ्याने कॅफेत सगळ्यांना जेनेवरची दारू पाजली आणि फळीवर, जिथे कामीलचा चषक ठेवायचा होता, तिथे मादीचा पिंजरा ठेवला. मी तिथे नव्हतो, मला कोण बोलावणार? झुल्माने येऊन सांगितलं. म्हातारा टेबलावर हात आपटून म्हणाला, "रक्त अँटवर्पचं आहे, पेल्कमान्सच्या काकाचं. आमच्या रेमीने मेणकापडात गुंडाळून आणली. कोणाला वासही लागू दिला नाही पठ्ठ्याने." सगळं कॅफे गप्प झालं. म्हाताऱ्याला वाटलं, लोक मादीचं कूळ ऐकून थक्क झालेत. कामील कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. तो उठून बाहेर गेला.

मला वाटलं, झालं, सुटलो. दुसऱ्या दिवशी मी ब्रश धुऊन, टॉवेल गरम करून बसलो. कोणी आलं नाही. दुपारी सिदोनीचा आवाज आला, "कबुतर होतं, मान्य. पण कबुतराच्या खाली काय होतं? वादी काय कबुतराने सोडली?" मग मला कळलं की पेटी उघडून काही होणार नाही. वादीचं खरं माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस कधी पहिल्यांदा पुढे होत नसे.

कामील त्यानंतर जत्रांतल्या बारक्या शर्यतींत दोन-चारदा उतरला. हरला. बघणारे सांगत, तो चढावर उभा राहतो आणि मग हलतच नाही. पंच बाद करतात.

पानं गळायला लागली तेव्हा, एका शनिवारी, तो दुकानात आला. शनिवार म्हणजे एरवी बाकावर जागा नसायची. आता बाक रिकामा. त्याची दाढी पार गळ्याखाली उतरली होती. इतक्या महिन्यांत त्याने दुसऱ्या न्हाव्याकडेही गळा दिला नव्हता, एवढं मला दिसलं.

मी म्हणालो, "बस. नंबर आला की बोलावतो."

रिकाम्या दुकानात तो बाकावर बसला. मी वस्तरा काढला, चामड्यावर लावत राहिलो. मी बोलणार नव्हतो. महिनोन्महिने साठवलेल्या शिव्या घशात होत्या, पण आधी मी बोलणार नव्हतो. तोही बोलेना. मी वस्तरा पुसला, दुसरा घेतला. तो आपल्या बुटांकडे बघत होता. समोर सिदोनीच्या खिडकीत आधी एक डोकं आलं, मग चार, मग पाववाल्याचं तिरकं डोकंही. झुल्मा आतून कॉफी घेऊन आली, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि कॉफी घेऊन तशीच आत गेली. मला वाटलं होतं मी त्याला हरवीन. पण आता धार लावायला माझ्याकडे एकही वस्तरा उरला नव्हता.

तेवढ्यात कामील उठला. दारापर्यंत सरळ चालत गेला, माझ्याकडे पाठ करून. दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभा राहून, गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "सिदोनीबाई, वादी मी बांधली होती. माझ्या हाताने. हे म्हणाले होते ढिली आहे म्हणून, मी ऐकलं नाही. सगळ्यांना सांगा. तुम्ही सांगितलेलं लोकांना लवकर कळतं."

तो वळला. खुर्ची धरून त्याने ती आरशापासून फिरवली, तिचं तोंड रिकाम्या भिंतीकडे केलं आणि बसला. आता त्याला दार दिसत नव्हतं, गल्ली दिसत नव्हती, आणि मी तर दिसतच नव्हतो. मी मागे उभा. एकाही शिवीची आठवण होईना. फेस केला, कात्रीने दाढी उतरवली, वस्तरा उघडला.

त्याने मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

"डावीकडून सुरू करा, दाजी," तो म्हणाला. "ती तेव्हाची राहिलीय."